पोस्टडॉक म्हणजे काय रे भाऊ?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तर माझ्या टेबलापाशी माझ्याऐवजी ताई बसलेली. ताई म्हणजे माझी मावसबहीण. वय 31, जनावरांची डॉक्टर आणि वर पीएच.डी. समोर आमचा जुना डेस्कटॉप, बाजूला साय धरलेला चहा आणि स्क्रीनवर एक मेल.

"बरं झालं आलीस. तुझं इंग्लिश कॉन्व्हेंटचं. हे जरा वाच."

मी वाचलं. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड टू जॉइन युवर एस्टीम्ड लॅबोरेटरी...' हाच मेल, वरचं नाव तेवढं बदलून, तिने 40 प्राध्यापकांना पाठवला होता. उत्तरं आली तीन. दोन नकार, आणि तिसरं 'मी सुट्टीवर आहे' असं कॉम्प्युटरने आपोआप पाठवलेलं!

मग काय, फराळाचं ताट मांडीवर घेऊन आम्ही दोघी दहा दिवस पोस्टडॉकची नोकरी शोधत होतो. त्या दहा दिवसांत मला जे कळलं ते इथे लिहिते आहे. माझं मराठी जरा कॉन्व्हेंट छापाचं आहे, तेव्हा चुकभूल सांभाळून घ्या. आणि 'आपण इंजिनिअर, आपल्याला गाईम्हशींशी काय करायचंय?' असं वाटत असेल तर पान उलटू नका. शेवटी आपलाही नंबर लागणार आहे!

मुळात हे पद काय आहे?

मला वाटायचं की पीएच.डी. झाली की माणूस थेट प्रोफेसर होतो. तसं नाही. मध्ये एक पायरी असते, ती पोस्टडॉक. ही पदवी नाही आणि कायम नोकरीही नाही. पीएच.डी. झालेला माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी लॅबमध्ये दोन-तीन वर्षं पगारी संशोधक म्हणून काम करतो, स्वतःचे पेपर काढतो आणि स्वतःची लॅब चालवायला लायक होतो, ते हे पद. आपल्या भाषेत प्रोबेशन म्हणा, फक्त शेवटी पर्मनंट होण्याची हमी नाही! आयसर, सीसीएमबी यांसारख्या संशोधन संस्थांत प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ व्हायचं तर निवड समिती हा अनुभव बघतेच.

आता ताईचा हिशोब करा. बारावीनंतर बीव्हीएस्सी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. ते तिने मुंबईत परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात केलं. हे कॉलेज 1886 सालचं आहे. मग एमव्हीएस्सी दोन वर्षं. मग उत्तर प्रदेशात इज्जतनगरला भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्थेत पीएच.डी. विषय गाईंचा कासदाह. म्हणजे कास सुजते, दूध नासतं आणि शेतकऱ्याचा महिन्याचा हिशोब कोलमडतो, तो आजार. मधल्या प्रवेशपरीक्षा आणि कोविडमध्ये बंद पडलेली लॅब धरून तिशी सहज ओलांडली.

मावशी विचारते, "अजून किती शिकणार गं?" ताई म्हणते, "आई, हे शिक्षण नाही, नोकरी आहे. पगार मिळतो." "मग पर्मनंट आहे का?" यावर ताई गप्प. हा संवाद दिवाळीत मी निदान पाच वेळा ऐकला. हसू यायचं, पण पाचव्यांदा ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणून हा लेख.

जाता जाता एक गंमत. ताईची ही इज्जतनगरची संस्था मूळची पुण्याची! 1889 साली 'इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' या नावाने ती सुरू झाली ती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत. 1893 मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली, आणि पुढे इज्जतनगरला. गुरांच्या बुळकांडी रोगावर तिथे पिढ्यान् पिढ्या काम झालं आणि 2011 मध्ये हा रोग जगातून संपला असं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. तेव्हा जनावरांचं संशोधन आणि इंजिनिअरिंग कॉलेज ही सोयरीक आजची नाही.

भारतातले तीन दरवाजे

पहिला दरवाजा प्रोजेक्टमधल्या जागेचा. एखाद्या शास्त्रज्ञाला सरकारी प्रोजेक्ट मिळतो, त्यात 'रिसर्च असोसिएट' म्हणजे आरए अशी जागा असते. संस्थेच्या वेबसाइटवर दोन पानी जाहिरात लागते आणि बऱ्याचदा थेट मुलाखतच असते. अर्जाला पंधरा-वीस दिवसच मिळतात, म्हणून या जाहिराती आठवड्यातून एकदा स्वतः बघाव्या लागतात. 2023 मध्ये सुधारलेल्या केंद्र सरकारच्या दरांप्रमाणे आरएच्या तीन पायऱ्यांना महिना 58,000, 61,000 आणि 67,000 रुपये मिळतात. नियमाप्रमाणे घरभाडं वेगळं. तोटा एकच, पण मोठा. प्रोजेक्ट संपला की जागा संपली.

दुसरा दरवाजा स्वतःच्या फेलोशिपचा. इथे पैसे तुमच्या नावावर येतात. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप ही त्यातली सगळ्यांत ओळखीची. ती आधी एसईआरबी देत असे. 2023 च्या कायद्याने एसईआरबी 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन'मध्ये विलीन झालं, त्यामुळे जुन्या पीडीएफवर विसंबू नका, ताजी जाहिरातच वाचा. यात प्रकल्प तुम्ही लिहायचा, मेंटॉर तुम्ही शोधायचा आणि त्याची संमती जोडायची. वयाची अट असते. साधारण 35, आणि स्त्रियांना व राखीव गटांना त्यात सवलत मिळत आली आहे. आरोग्याशी संबंधित विषय असेल तर आयसीएमआरची पोस्टडॉक फेलोशिप आहे. त्याहून मोठी उडी म्हणजे डीबीटी आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या 'इंडिया अलायन्स'ची अर्ली करिअर फेलोशिप. ती पाच वर्षांची असते. या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये मंजुरी दिली. ताईने ही बातमी माझ्याकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतली!

तिसरा दरवाजा संस्थांच्या स्वतःच्या पोस्टडॉक जागांचा. काही मोठ्या संस्था आपल्याच पैशातून अशा जागा भरतात.

आणि संस्था तरी किती! आपल्या पुण्यातच नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे, ज्याची सुरुवातच प्राण्यांच्या पेशी आणि ऊती वाढवण्याची राष्ट्रीय सुविधा म्हणून झाली. 1952 पासूनची विषाणू संस्था एनआयव्ही आहे, आयसर आहे. मुंबईत परळलाच प्रजनन आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची संस्था, खारघरला कॅन्सरवरचं ॲक्ट्रेक. महाराष्ट्राबाहेर हैदराबादला पशु जैवतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आणि सीसीएमबी, भोपाळला जनावरांच्या घातक रोगांची अतिसुरक्षित प्रयोगशाळा, कर्नालला राष्ट्रीय डेअरी संस्था. कर्नालला 2009 मध्ये क्लोनिंगने रेडकू जन्माला आलं होतं, आठवतंय?

परदेशातले दरवाजे

इथे मुख्य गोष्ट कळली ती अशी, की परदेशी पोस्टडॉकचा पगार बहुतेक वेळा विद्यापीठ देत नाही. ज्या प्राध्यापकाकडे तुम्ही जाता त्याच्या ग्रँटमधून तो निघतो. म्हणजे प्राध्यापक कितीही थोर असो, ग्रँट नसेल तर तो तुम्हाला घेऊ शकत नाही. ताईचे 40 पैकी कितीतरी मेल अशाच ठिकाणी गेले होते.

हे आधी कसं कळणार? अमेरिकेच्या एनआयएचने आपली सगळी अनुदानं लोकांसाठी उघडी ठेवली आहेत, 'एनआयएच रिपोर्टर' नावाने. विषय टाका, कुणाला कशासाठी पैसे मिळाले आणि ते कधी संपणार ते दिसतं. ब्रिटनमध्ये तसंच 'गेटवे टू रिसर्च' आहे. आम्ही 'बोव्हाइन मॅस्टायटिस' टाकलं आणि अर्ध्या तासात यादी 40 वरून 12 वर आली. ज्यांची ग्रँट पुढच्या काही महिन्यांतच संपत होती त्यांना खाली ढकललं. मला तर हे आमच्या प्लेसमेंट सेलच्या कामासारखंच वाटलं. कंपनी भरती करतेय का, हे आधी बघा, मग रिझ्युमे द्या!

उघड जाहिरातींसाठी युरोपात 'युरॅक्सेस', ब्रिटनसाठी 'जॉब्ज डॉट एसी डॉट यूके', आणि 'नेचर' व 'सायन्स' या नियतकालिकांची नोकऱ्यांची पानं. जनावरांच्या विषयात काही नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. स्कॉटलंडमधली रोझलिन इन्स्टिट्यूट, जिथे 1996 मध्ये डॉली मेंढी जन्मली. इंग्लंडमधली पिरब्राइट, जी जनावरांच्या विषाणूंवर काम करते. जर्मनीतली फ्रीडरिश लोफलर इन्स्टिट्यूट. आणि नैरोबीतली आंतरराष्ट्रीय पशुधन संस्था इलरी. परदेश म्हणजे फक्त अमेरिका नाही, हे मला तेव्हा कळलं.

फेलोशिपमध्ये युरोपची मारी क्युरी फेलोशिप सगळ्यांत नावाजलेली. देशाची अट नाही, आपण भारतीयही अर्ज करू शकतो. अर्ज यजमान प्राध्यापकाबरोबर मिळून लिहायचा असतो आणि मुदत साधारण दरवर्षी सप्टेंबरमध्ये संपते. एक अट मात्र लक्षात ठेवा. ज्या देशात जायचं तिथे अर्जाच्या मुदतीआधीच्या 36 महिन्यांत तुम्ही 12 महिन्यांहून जास्त राहिलेले नसावेत. म्हणजे आधी आरामात जर्मनीत जाऊन मग जर्मनीसाठीच अर्ज करू, असं चालत नाही. एम्बोची पोस्टडॉक फेलोशिपही आपल्याला खुली आहे, भारत 2016 पासून त्यांचा सहयोगी सदस्य आहे.

अमेरिकेबद्दल खरं सांगायचं तर 2025 हे वर्ष वाईट गेलं. एनआयएचची अनेक अनुदानं मध्येच रद्द झाली. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर फी जाहीर झाली. पोस्टडॉक बरेचसे जे-वन व्हिसावर जातात, ज्यावर संशोधकाला जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. पण पुढे काय, हा प्रश्न आता आधीच विचारून ठेवायला हवा. शिवाय तिथल्या सगळ्या योजना आपल्यासाठी नसतात. एनआयएचची एफ-32 फेलोशिप फक्त नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळते. जाहिरात वाचताना पात्रतेचा परिच्छेद पहिला वाचा. ताईने एका अर्जावर चार दिवस घालवले आणि पाचव्या दिवशी ती ओळ वाचली!

मेल कसा लिहायचा?

आता मूळ मुद्दा. 'रिस्पेक्टेड सर'वाला मेल कुणी का वाचत नाही? कारण तो कुणालाही पाठवता येतो. वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं. आम्ही तो असा बदलला.

पहिला परिच्छेद त्यांच्याबद्दल. तुमचा अमुक पेपर वाचला, त्यात हा प्रश्न उरतो असं मला वाटलं. याला पेपर खरंच वाचावा लागतो, इलाज नाही. दुसरा परिच्छेद स्वतःबद्दल, पण विशेषणं नाहीत, कामं. 'हार्ड वर्किंग अँड सिन्सिअर' नको. त्याऐवजी 'गोठ्यातून दुधाचे नमुने गोळा करणं, जंतू वाढवून ओळखणं, आरटी-पीसीआर, आणि डेटा आरमध्ये तपासणं हे मी स्वतः केलं आहे.' तिसरा परिच्छेद, हवं काय ते. कधीपासून येऊ शकते, तुमच्याकडे जागा आहे का, नसेल तर अमुक फेलोशिपसाठी आपण मिळून अर्ज करू शकतो का. हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. त्याचा खर्च प्राध्यापकाच्या खिशातून होत नाही, म्हणून 'नाही' म्हणायचं कारणच कमी उरतं.

सोबत दोन पानांचा सीव्ही आणि शिफारस देणाऱ्या तिघांची नावं. त्या तिघांना आधी विचारा हं! ताईच्या गाइडना तिने न विचारताच नाव दिलं होतं, आणि त्यांना परदेशातून अचानक पत्र आलं तेव्हा ते चार दिवस फुगून बसले. आणि हे सगळं पीएच.डी. संपल्यावर नाही, संपायच्या वर्षभर आधी सुरू करायचं. ताईने थिसिस जमा करून, व्हायवा होऊन, मग सुरू केलं. मधले आठ महिने ती बिनपगारी होती. मावशीच्या प्रश्नाला धार आली ती त्या आठ महिन्यांत.

नव्या पद्धतीने 12 मेल पाठवले. भाऊबीजेपर्यंत पाच उत्तरं आली! त्यातली दोन नकाराची, पण माणसाने लिहिलेली.

प्राण्यांवर प्रयोग?

हॉस्टेलवर हे सांगितलं तर माझी रूममेट म्हणाली, "शी! प्राण्यांवर प्रयोग करतात ना ते?" हा प्रश्न टाळून चालणार नाही. मुलाखतीतही तो विचारतातच.

याचं उत्तर तीन शब्दांत आहे. रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये ते मांडलं. प्राण्याऐवजी दुसरा पर्याय आहे का ते आधी बघा. नसेल तर प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवा. आणि जे कराल त्यात त्यांना होणारा त्रास कमी करा. आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली यावर देखरेख करणारी समिती आहे, आता तिला सीसीएसईए म्हणतात. प्रत्येक संस्थेत एथिक्स कमिटीची परवानगी लागते. ब्रिटनमध्ये तर 1986 च्या कायद्याप्रमाणे प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं लायसन्स काढावं लागतं. म्हणून सीव्हीत नुसतं 'ॲनिमल हँडलिंग' लिहू नये. कोणता प्राणी, कोणतं प्रशिक्षण, कुणाची परवानगी, हे लिहावं. ताई म्हणते, "ज्याला गाईचा त्रास कळत नाही त्याने गाईवर संशोधन करू नये." मला ते पटलं. रूममेटला अर्धं पटलं.

हो म्हणण्याआधी

ऑफर आली की नाचायचं नाही. आधी त्या लॅबमधल्या दोन-तीन जणांशी, जमलं तर सोडून गेलेल्यांशी बोलायचं. जुने पोस्टडॉक आता कुठे आहेत? पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं? सुट्टी मिळते का? आरोग्य विमा कोण भरतं? करार एक वर्षाचा की तीन? पगाराचा आकडा रुपयांत गुणून खूश व्हायचं नाही. एनआयएचच्या 2024 च्या तक्त्यात नव्या पोस्टडॉकला वर्षाला 61,008 डॉलर होते. ऐकायला पन्नास लाख, पण बॉस्टनचं घरभाडं त्यातला मोठा घास घेतं.

आणि फसवणूक! ताईला एक झकास पत्र आलं होतं. मुलाखत न घेताच निवड, फक्त 'व्हिसा प्रोसेसिंग'चे 38,000 रुपये भरा. मावशी एफडी मोडायला निघाली होती. मी मेलचा पत्ता बघितला, तो विद्यापीठाचा नव्हताच, साधा फुकटचा. लक्षात ठेवा, खरी संशोधन संस्था नोकरी देण्यासाठी तुमच्याकडून पैसे मागत नाही. शंका आली तर विद्यापीठाच्या वेबसाइटवरून पत्ता काढून थेट विचारा.

आता आपला नंबर

या सगळ्यात इंजिनिअर कुठे? सांगते. ताईच्या यादीतल्या 12 पैकी चार लॅबना जनावरांचा डॉक्टर नकोच होता! त्यांना हवे होते गाईची चाल कॅमेऱ्याने ओळखणारे, सेन्सर बसवणारे, मायक्रोस्कोपच्या प्रतिमा तपासायचा प्रोग्रॅम लिहिणारे लोक. चिपवर माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी वाढवून त्यावर औषध तपासायचं तंत्र निघालं आहे. अमेरिकेने 2022 च्या शेवटी कायदा बदलला आणि नव्या औषधासाठी प्राण्यांवरची चाचणी सक्तीची राहिली नाही. आपल्याकडेही 2023 मध्ये नियमांत अशा पर्यायांना जागा झाली. त्या चिप्स बनवणार कोण? मेकॅनिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, ई अँड टीसी! पर्याय शोधण्याचं रसेल-बर्चचं पहिलं काम आता आपल्या वर्कशॉपपर्यंत आलं आहे.

ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम नावाची आंतरराष्ट्रीय संस्था तर खास 'क्रॉस-डिसिप्लिनरी' फेलोशिप देते. भौतिकशास्त्र, गणित, इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर यांत पीएच.डी. करून ज्यांना जीवशास्त्रात यायचंय त्यांच्यासाठी, तीन वर्षं. अर्थात आधी गेट, मग पीएच.डी., लांबचा पल्ला आहे. पण दरवाजा आहे हे तरी माहीत असावं. मला दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं.

...आणि ताईचं? युरोपातल्या एका प्राध्यापिकेने तिच्याशी व्हिडिओवर पाऊण तास बोलून सांगितलं, "माझ्याकडे आता पैसे नाहीत, पण सप्टेंबरच्या मारी क्युरीला आपण अर्ज करू." तोवर बसून काय करायचं? जानेवारीपासून ताई हैदराबादला एका प्रोजेक्टमध्ये आरए आहे. दोन वर्षांचा प्रोजेक्ट, कासदाहच.

पहिला पगार झाला तेव्हा तिने मावशीला साडी पाठवली. मावशीने फोनवर विचारलं, "पर्मनंट झालीस का गं?" ताई म्हणाली, "नाही. पण आई, पलीकडच्या गोठ्यात 60 म्हशी आहेत, आणि त्यांचं दूध नासू नये म्हणून मला पगार देतात." मावशी थोडा वेळ गप्प राहिली, आणि म्हणाली, "आपल्या कपिलेलाही झालं होतं ते. तुझ्या बाबांनी तिला विकली, तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस."

त्यानंतर तो प्रश्न तिने अजून तरी विचारलेला नाही.